दाफिनच्या खांद्यावरचा हात

मी एक निगेटिव्ह आहे. फोटो नव्हे, फोटो जिच्यातून निघतो ती. चेरेशोवो गावात बेकरीच्या वरच्या अंगाला नेव्यानाचा स्टुडिओ आहे, तिथल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असायचा. माझ्या एका कडेला कात्रीचा बारीकसा चावा दिसेल. तो कसा बसला ते सांगायलाच आज तोंड उघडलंय, नाहीतर आमच्या जातीला अंधारात गप्प पडून राहायची सवय.

माझा जन्म संत गेओर्गीच्या सणाचा. दोब्रा नावाच्या बाईच्या अंगणातल्या भट्टीत कोकरू भाजत होतं आणि नेव्याना बापाचा जड कॅमेरा गळ्यात अडकवून घरोघर फिरत होती. बाप मेतोदी गावचा फोटोग्राफर. पोरीला त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं. दोब्राचे दोन्ही मुलगे तिनं पायरीवर उभे केले. धाकटा दाफिन पुढे, उन्हात, हसू आवरता आवरत नव्हतं. थोरला रांगेल त्याच्या मागे, ओसरीच्या सावलीत, एक हात भावाच्या खांद्यावर. त्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं, उरलेलं करवतीच्या गिरणीनं नेलेलं. गावात कुणीही तो हात पाहून सांगेल की हा रांगेल. कॅमेऱ्याचा डोळा क्षणभर उघडला, उजेड आत घुसला आणि मी झाले.

आमच्या जातीत सगळं उलटं. उजेड असतो तिथे आम्ही काळ्या, अंधार असतो तिथे निवळ काचेसारख्या. दाफिनचे काळेभोर केस माझ्यात पांढरेशुभ्र आले. मेतोदीनं मला खिडकीशी धरून पाहिलं आणि हसून म्हणाला, "बघ पोरी, दोघंही म्हातारे झाले." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

त्याच पानगळीत दोघे भाऊ ट्रक घेऊन जळणाची लाकडं आणायला वर जंगलात गेले. गाडी रांगेल चालवत होता. उतारावर ब्रेक लागले नाहीत. दाफिन जागच्या जागी गेला, रांगेलच्या पायावर निभावलं. तो काठी टेकत घरी आला तेव्हा दोब्रा फाटकात उभी होती, आणि शेजारपाजार ऐकत असताना ती म्हणाली, "दोघं गेले होते. चुकीचा परत आला."

बंदुकीची गोळी परवडली, असं ते वाक्य. रांगेल त्याच पावली वळला. नदीपलीकडे एक खोली घेऊन राहिला, मधमाश्या पाळू लागला, पुन्हा कधी कुठल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. आईच्या फाटकासमोरून जायचा, पण मान खाली घालून.

आता आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद फाटकावर लागतो, विजेच्या खांबावर लागतो, बेकरीच्या भिंतीवर, चर्चच्या दारात. चाळिसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी एक, मग दरवर्षी. पावसानं तो धुऊन गेला तरी पुढच्या वर्षी नवा येतो. मेलेल्याची आठवण ठेवण्याची ही आमची रीत. दोब्रा त्या कागदासाठी फोटो मागायला आली आणि तिनं मला उजेडाला धरायला लावलं.

"एकटा दाफिन पाहिजे," ती म्हणाली. "तो हात नको. तो हात मला दिसता कामा नये."

नेव्यानाला तेव्हा काळ्याचं वेड होतं. तरुण माणसाला काळं आवडतंच. त्यात सगळं खोल वाटतं. लाल दिव्याखाली तिनं मला यंत्रात घातलं, माझ्यातून कागदावर उजेड पाडला, दाफिनचा चेहरा पुठ्ठ्यानं झाकून धरला आणि बाकी सगळीकडे उजेड ओतत राहिली. त्या कागदावर उजेड जितका जास्त पडेल तितका तो काळा होतो. कागदावर ओसरी बुडाली, पायरी बुडाली, रांगेल बुडाला. खांद्यावरची बोटं शेवटपर्यंत तग धरून होती, पण त्यांचंही काही चाललं नाही. काळोखातून फक्त एक हसरा चेहरा वर आला. लोक म्हणाले, काय फोटो काढलाय पोरीनं! नेव्यानानं कोपऱ्यात सही ठोकली. मी मात्र यंत्रात तशीच होते, दोघांना पोटात घेऊन.

पुढे स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि नेव्यानाची आवड पार बदलली. तिनं मला यंत्राखाली सपाट दाबून माझी नक्कल आत घेतली आणि दाफिनचं नशीबच फिरवलं. त्याच्या गालावरचे खड्डे बुजवले. मागे निळं आभाळ घातलं, कोपऱ्यात एक पांढरं कबूतर. साबणाच्या जाहिरातीतला पोरगा वाटावा असा दिसू लागला तो. दोब्रानं कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "गोरा झाला गं." ते कबूतर कित्येक वर्षं खांबाखांबावर बसून होतं. हात आता आभाळाखाली गाडला गेला होता, एवढाच काय तो फरक.

माणसांचं मला हेच नवल वाटतं. फोटो एकदा काढला की झाला, असं ती म्हणतात आणि मग जन्मभर त्याला छळत राहतात.

बाप गेल्यावर नेव्यानाचं पुन्हा काहीतरी बिनसलं. तिचे स्वतःचेच केस पिकायला लागले होते. एके हिवाळ्यात तिनं आमचे डबे खाली काढले, एकेकीला काचेच्या दिव्याच्या टेबलावर ठेवलं आणि जुने कागद शेजारी मांडून बघत बसली. कबूतर पाहून तिनं कपाळाला हात लावला. काळा फोटो दिव्याखाली ओढून घेतला. "तेव्हा मला दिसतच नव्हतं," ती स्वतःशीच पुटपुटली. मग दर हिवाळ्याचा तो नेमच झाला. जुना फोटो घ्यायचा, त्याचे सगळे साज उतरवायचे आणि नव्यानं करायचा. आता तिला काही झाकायचं नसे. सावलीत जे असेल ते वर यायला हवं, सुरकुती असेल तर सुरकुती, कोपऱ्यात उभं माणूस असेल तर माणूस.

ऐकायला हे बरं वाटतं. पण आम्हा डब्यातल्यांना विचारा. माझ्या शेजारी एक नवरी आहे. तिच्यामागे दाराआड उभी राहून रडणारी तिची सावत्र बहीण नेव्यानानं अशीच उजेडात आणली, तर नवरीकडच्यांनी फोटो घरी नेलाच नाही. तेव्हापासून डब्याचं झाकण वाजलं की आमचा जीव टांगणीला लागायचा. आता कुणाचा नंबर?

हिवाळ्याचीही वाट न बघता गेल्या पानगळीतच माझा लागला.

पडद्यावर तिनं मला मोठं केलं. आभाळ काढलं, कबूतर उडवलं, गालाचे खड्डे परत दिले. दाफिनच्या कानाच्या पाळीतून ऊन आरपार गेलेलं होतं, ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. मग तिनं सावली हळूहळू उघडली. आधी ओसरीचा खांब आला. मग खांदा. मग ती बोटं आली, अर्ध्यासकट. नेव्याना खुर्चीत मागे रेलली आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली.

वर्षाचा कागद छापायची तीच वेळ होती. दोब्राचे डोळे मोतीबिंदूनं गढूळ झाले होते. मजकूर नेव्यानालाच ठाऊक असायचा, म्हातारी फक्त गठ्ठा न्यायला यायची. नेव्यानानं नवा फोटो घातला. कडा कापताना रांगेलचा चेहरा बाहेर गेला, पण खांद्यापाशी तिची बोटं अडखळली आणि हात तिनं राहू दिला. कापवेना तिला. म्हातारीला दिसणार नाही असं तिला वाटलं असेल, किंवा दिसलं तर काळीज विरघळेल असंही वाटलं असेल. चांगला फोटो करण्याच्या नादात तो कशावर छापला जाणार हे मात्र ती विसरली. चेरेशोवोत वाढलेल्या बाईनं हे विसरावं! मेलेल्याच्या कागदावर जित्या माणसाचं नखसुद्धा येऊ देत नाहीत. त्या कागदात जो दिसेल त्याला तो मरणाकडे बोलावतो, असं आमच्याकडे लहान पोरंही सांगतात.

दोब्रानं गठ्ठा नेला, पिठाची खळ केली आणि स्वतःच्या हातानं सगळीकडे कागद लावून आली. त्यानंतरचं मला तिची शेजारीण त्सोंका हिच्या तोंडून कळलं, कारण दुपारी दोघी एकदमच स्टुडिओत शिरल्या. म्हातारीच्या कवेत ओले, फाटके कागद होते. त्सोंकाला धाप लागली होती, पण बोलायची ती थांबत नव्हती. बेकरीच्या रांगेत तिनंच आधी पाहिलं म्हणे. तिनंच विचारलं की दोब्रे, हा हात रांगेलचा ना, आणि तो तर सकाळीच वर गेलाय मधाच्या पेट्या उतरवायला, धुकं बघ कसं दाटलंय, अजून कुणी त्याला खाली आलेला पाहिला नाही.

एवढं ऐकलं मात्र, हातातला पाव टाकून म्हातारीनं बेकरीच्या भिंतीवरचा कागद नखांनी ओरबाडून काढला. मग चर्चच्या दारातला, मग बस थांब्यावरचा, मग स्वतःच्या फाटकावरचा. त्सोंका तिच्यामागून पळत होती. शेवटचा कागद पुलावर लावला होता, जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर. तिथे त्या पोचल्या तेव्हा खांबावर नुसती खळ होती. कागद नव्हता.

"पुलावरचा गेला," दोब्रा नेव्यानाला म्हणाली. आवाज असा, की जणू माणूसच गेला. "ते मूळ कुठाय? ज्याच्यातून तू हे काढतेस ते. काढ बाहेर."

नेव्याना पांढरीफटक पडली होती. चूक काय झाली ते तिला दारातच उमगलं असावं. दिव्याच्या टेबलावर मी होतेच. तिनं फक्त बोट दाखवलं.

म्हातारी माझ्यावर वाकली. टेबलावरचं भिंग तिनं डोळ्याला लावलं. तिच्या श्वासाला पावाचा आणि खळीचा वास येत होता. दुसऱ्या हातानं तिनं चाचपत कात्री उचलली.

"हात कुठला?"

"मावशी, थांबा," नेव्याना म्हणाली. "कागद सगळे जाळू. नवे छापून देते, आत्ताच्या आत्ता."

"कागद जाळून काय होतंय? मूळ इथंय. मूळच काढायला पाहिजे." कात्रीची थंड पाती माझ्या कडेवर आली. "कुठला ते सांग, नाहीतर मी मधूनच कापते."

पाती मिटली आणि माझ्या कडेचा बारीक तुकडा टेबलावर पडला. हाच तो चावा. ती आणखी जराशी सरकली असती तर रांगेल भावापासून कायमचा तुटला असता. ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केलं असतं.

"कापा," नेव्याना अचानक शांतपणे म्हणाली. "पण जित्या माणसाचा हात तुम्ही कात्रीनं कापताय, हे ध्यानात घ्या. आज. तो वर धुक्यात असताना."

कात्री थांबली. एकीकडे खाई, एकीकडे कडा, असं म्हातारीचं झालं. हात राहू द्यावा तर कागद बोलावतो, कापावा तर स्वतःच्या हातानं घाव घातल्यासारखा. तेव्हा मला कळलं, आणि मला वाटतं त्सोंकालाही कळलं, की एवढी वर्षं जिनं थोरल्याचं नाव घेतलं नाही, तिचा जीव रोज नदीपलीकडेच अडकलेला होता. नाहीतर एका हातासाठी कोण गावभर भिंती ओरबाडत फिरतं?

कापायचं नाही म्हटल्यावर ती नुसतीच बघत राहिली. भिंग हळूहळू सरकलं.

"हा म्हातारा कोण?"

"दाफिन," नेव्याना म्हणाली. "ह्यात काळं ते पांढरं दिसतं, मावशी."

"दाफिन," म्हातारी म्हणाली. "पांढरे केस." तिनं भिंग काढलं, ॲप्रनच्या टोकानं पुसलं आणि परत लावलं. "आणि हा मागचा?"

नेव्यानानं भिंग त्या अर्ध्या बोटापाशी सरकवलं.

दाराची घंटा वाजली. आत आला तो रांगेल. खांद्यावर धुक्याचे थेंब, बुटांना चिखल, अंगाला मेणाचा आणि धुराचा वास. आईला बघून तो दारातच गोठला. पाऊल पुढे टाकावं की मागे, हे त्याला ठरवता येईना. त्सोंकानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि भिंतीला टेकली.

"मी नेव्यानाला विचारायला आलो होतो," तो म्हणाला. जॅकेटच्या आतून त्यानं घडी घातलेला एक कागद काढला, कोपऱ्याला खळ चिकटलेली. "पुलावरचा हा मीच काढला. ठेवू का माझ्याकडे, एवढंच विचारायचं होतं." मग आईकडे न बघता, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "आई, तू माझा हात ठेवलास."

असं वाटलं त्याला! गाव ज्याला अपशकुन म्हणत होतं, त्याला त्यानं माफी समजून छातीशी धरलं होतं. आता काय ते म्हातारीच्या तोंडात होतं. खरं बोलली असती तर एका वाक्यात सगळं संपलं असतं, फाटकातल्या त्या दिवसासारखंच. मी नाही ठेवला, मला दिसलाच नाही, दिसला तेव्हा फाडून टाकले, असं ती म्हणू शकत होती. तिच्या कवेतले फाटके कागद तर पुरावा देतच होते. रांगेलचं लक्ष त्यांच्याकडे गेलं आणि त्याचा चेहरा उतरू लागला.

"मीच लावला," दोब्रा म्हणाली. "माझ्याच हातानं." मग घसा खाकरून, नेहमीच्या कडक आवाजात, "आणि दे इकडे तो कागद. जित्या माणसानं असलं काही खिशात घेऊन हिंडायचं नसतं. अक्कल कुठं गेली तुझी?"

त्यानं कागद दिला. तिनं तो घेतला, पण त्याचं मनगट सोडलं नाही. चाचपत तिनं ते अर्धं बोट शोधलं आणि मुठीत घट्ट धरलं. दोघंही रडले नाहीत. ती माणसंच तसली. त्सोंका मात्र दोघांच्या वाट्याचं रडली.

जरा वेळानं म्हातारी नेव्यानाकडे वळली. "गावातल्या भिंतींसाठी नवा कर. त्यात हा नको, बोटसुद्धा नको. तुझा तो पहिला काळा होता ना, तसा कर. चांगला दाट." नेव्यानानं मान हलवली. "आणि एक घरासाठी कर. मोठा. त्यात काही झाकू नकोस."

नेव्यानानं किती तरी वर्षांनी लाल दिवा लावला. यंत्रावरची धूळ झटकली आणि मला आत घातलं. ज्या काळ्याची तिला पुढे लाज वाटायची, तोच काळा तिनं पुन्हा कागदावर ओतला, हलक्या हातानं, बोट न् बोट बुडेपर्यंत. तरुणपणी तिला तो नुसता देखणा वाटायचा. आता तो कशासाठी आहे हे तिला ठाऊक होतं. पहिल्यांदाच मलाही त्या काळ्याचा राग आला नाही. रांगेल त्यात गाडला जात नव्हता. आई त्याला पांघरूण घालत होती. नंतर तिनं दुसरा कागद घेतला आणि मला मी आहे तशी उमटू दिलं.

आता मी पत्र्याच्या डब्यात नसते. नव्या पाकिटात घालून नेव्यानानं मला टेबलाच्या खणात ठेवलंय, कारण मला अधूनमधून बाहेर यावं लागतं. तुमच्याही घरी माझ्या कुणी बहिणी पडून असतील. फोटोंचं तुम्ही काय वाटेल ते करा; आवड बदलेल, नजर बदलेल, आज झाकाल, उद्या उघडाल. ते कागदावर करा. आमच्यावर कात्री चालवू नका. कुणाला कधी परत हवं होईल हे कापणाऱ्याला त्या वेळी कळत नसतं.

दोब्राच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. बाजाराच्या दिवशी ती येते, रांगेलच्या दंडाला धरून. घरी भिंतीवर मोठा फोटो आहे, त्यात दोन्ही पोरं जवान, काळ्या केसांची. पण तिला तो नको असतो. तिला मी हवी असते. नेव्याना दिवा लावते, मला वर ठेवते आणि रांगेल टोपी काढून आईशेजारी वाकतो. त्याचं डोकं आता सगळं पिकलंय. म्हातारी एकदा त्याच्याकडे बघते, मग भिंगातून माझ्याकडे. माझ्यात तिचे दोन्ही मुलगे म्हातारे झालेले आहेत.